बॅकअप सुरू झाला की बिल सेव्ह व्हायला अर्धा मिनिट लागतोय, डिस्कला लगाम नेमका कुठं घालायचा?

उद्यमबाग_हिशेब · सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मी हिशेबाचं बघतो, आणि सर्व्हरचं पण मीच बघतो कारण दुसरं कोण नाही. उबुंटू २२.०४ आहे, १६ जीबी रॅम, ४ टीबीची एकच फिरती हार्ड डिस्क ७२०० आरपीएमवाली. बिलिंगचा पोस्टग्रेस डेटाबेस त्याच्यावरच आणि ड्रॉइंगचा मोठा फोल्डर पण त्याच्यावरच, सांबातनं सगळ्यांना शेअर केलेला.

रोज संध्याकाळी साडेपाचला क्रॉनमधनं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, बॅकअप सुरू होतो. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि ड्रॉइंगची टार (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं) मिळून ४० जीबीच्या आसपास, आधी त्याच डिस्कवर फाइल बनते आणि मग ती यूएसबी डिस्कवर कॉपी होते. हे चालू असताना कोण बिल सेव्ह करायला गेलं की स्क्रीन थिजते, २० सेकंद, ३० सेकंद, एकदा मी घड्याळ लावून ४२ मोजले. आणि नेमका तोच टाइम डिस्पॅचचा, ट्रक दारात उभा, बिल झाल्याशिवाय ई-वे बिल निघत नाही, ड्रायव्हर खिडकीत येऊन बिल कोड्री बिल कोड्री (बिल द्या हो) करतोय, त्याला रात्रीच्या आत हुबळी गाठायची असते, त्याचं काय चुकलं सांगा.

रात्री का घेत नाही असं विचाराल. मालक साडेसातला मेन स्विच पाडूनच कुलूप लावतात, दोन वर्षांमागं रात्री व्होल्टेज चढून एका मशीनचं कार्ड जळलं तेव्हापासनं. ते बरोबरच आहे, त्यांना मी उलट सांगणार नाही.

बॅकअपची प्रायॉरिटी उतरवायला नाइस १९ लावून बघितलं, डिस्कसाठी आयओनाइसचा आयडल क्लास पण लावला, फरक जवळपास नाहीच. डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे तब्येतीचा, चांगला आहे. कर्नलमध्येच आयओ, म्हणजे डिस्कवरचं वाचणं-लिहिणं, थ्रॉटल करता येतं असं वाचलंय पण कोण म्हणतं डर्टी रेशो, कोण म्हणतं सीग्रुप, कोण म्हणतं शेड्युलर बदल. यातलं काय, कुठं आणि किती लावायचं तेवढं कुणीतरी नीट सांगा.

खानापूर_नाका · सोमवार, रात्री ९:३२

डेटाबेससाठी छोटी एसएसडी वेगळी घाल की भावा. फिरत्या डिस्कला एकेका जागेवर हेड नेऊन चकती फिरायची वाट बघावी लागते, ७२०० आरपीएमला एक फेरी ८.३ मिलिसेकंदाची, म्हणजे नुसतं थांबणंच सरासरी ४ मिलिसेकंद, हेड हलवायचा वेळ वेगळाच. सेकंदाला शंभरएक रँडम ऑपरेशनच्या वर ती फारशी जाणार नाही, सॉफ्टवेअरनं कितीबी आवळ.

उद्यमबाग_हिशेब · सोमवार, रात्री ९:४०

एसएसडी पुढच्या महिन्यात बघूया म्हणालेत मालक. पण ट्रक उद्या पण येणार आहे दादा.

निपाणीचा_तात्या · सोमवार, रात्री १०:०५

पोरा, मी एका साखर कारखान्यात बरीच वर्षं सिस्टम बघितली, तर तुला ऊसाच्याच भाषेत सांगतो. डिस्क म्हणजे गव्हाण, ऊस जिथनं गाळपाला आत जातो ती. तासाला जेवढा ऊस तिच्यात पडू शकतो तेवढाच पडणार. रॅममधली पेज कॅश म्हणजे कारखान्यासमोरचं यार्ड. टार फाइल लिहिते तेव्हा ती डिस्कवर लिहीतच नाही, यार्डात ट्रॉली लावते आणि झालं म्हणून पुढच्या फेरीला जाते. असल्या लिहून झालेल्या पण डिस्कवर न उतरलेल्या पानांना डर्टी पेज म्हणतात.

कर्नल दोन रेषा आखून बसलेला असतो. डर्टी बॅकग्राउंड रेशो मुळात १० टक्के, तिथं फ्लशर थ्रेड जागा होतो आणि गव्हाणीकडं ट्रॉल्या सोडायला लागतो. डर्टी रेशो २० टक्के, तिथं जो लिहितोय त्यालाच झोपवतात, म्हणजे शेतातली तोडच थांबवली. पूर्वी लिहिणाऱ्या प्रोसेसलाच डिस्कवर लिहायच्या कामाला जुंपायचे, त्यानं डिस्कवर आणखीन गोंधळ व्हायचा. वू फेंगग्वांग यांनी ते काढलं आणि लिनक्स ३.२ पासनं, म्हणजे २०१२ च्या सुरुवातीपासनं, डिस्क किती ओढतीय ते मोजून त्या हिशेबानं प्रोसेसला थोडंथोडं थांबवतात. माझ्या मते कर्नलमधल्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी ते एक आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते.

आता तुझं गणित बघ. हे टक्के सगळ्या रॅमचे नव्हेत, मोकळी जागा आणि फाइल कॅश मिळून जेवढी आहे त्याचे. तुझ्याकडं ती ११-१२ जीबी असणार, २० टक्के म्हणजे २ जीबीच्या वर ऊस यार्डात उभा. डिस्कवर एकाच वेळी वाचणं पण चालू असल्यानं लिहिण्याच्या वाट्याला सेकंदाला ४० एमबी आले तरी खूप. म्हणजे यार्ड रिकामं व्हायला जवळपास मिनिट. आणि त्या गर्दीत तुझं बिल म्हणजे दुधाची जीप, माल थोडा पण थांबू शकत नाही असा.

टक्के सोड, बाइट्समध्ये आकडा दे. व्हीएम डर्टी बॅकग्राउंड बाइट्स ६४ एमबी, डर्टी बाइट्स २५६ एमबी, कर्नलच्या सेटिंग बदलायच्या सिस्कंट्रोल कमांडनं. बाइट्स लावले की टक्केवारीचा आकडा आपोआप शून्य दिसतो, घाबरू नको, दोन्हीपैकी एकच चालतं.

टिळकवाडी_कोडर · सोमवार, रात्री १०:४८

तात्यांचं बरोबर, पण मी असतो तर शेड्युलर, म्हणजे डिस्कची कामं कुठल्या क्रमानं जातील ते ठरवणारा, तो बदलला असता. उबुंटूवर या डिस्कला एमक्यू-डेडलाइन असणार, तिथं बीएफक्यू लाव. पाओलो व्हॅलेंटे यांचं काम आहे, ४.१२ पासनं कर्नलमध्ये आहे, फिरत्या डिस्कवर आळीपाळीनं वेळ वाटून देतं. वेगाला कॅप लावून डिस्क रिकामी असताना पण बॅकअपला मुद्दाम हळू पळवणं मला पटत नाही, वेट, म्हणजे वाट्याचं वजन, लावा, गर्दी झाली तरच कमी मिळेल.

शहापूरची_अक्का · सोमवार, रात्री ११:३०

मी बेंगळुरात स्टोरेजवर काम करते, माहेर शहापूर. थोडं लांब लिहिते, कारण यात तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय आकडे लावून उपयोग नाही.

पहिलं, आयओनाइस का लागला नाही. तो प्रोसेसवर लागतो. वाचायला आणि थेट, सिंक लिहायला त्याचा उपयोग होतो. पण टारनं लिहिलेलं डिस्कवर कोण उतरवतंय? फ्लशर, जो कर्नलचा वेगळाच थ्रेड आहे, त्याला तुमच्या टारचा आयडल क्लास माहीतच नाही. म्हणजे ट्रॅक्टरवर पाटी लावली पण ऊस दुसऱ्याच गाडीतनं गेला.

दुसरं, बिल का अडकतं. पोस्टग्रेस कमिट करताना लॉग फाइलवर एफडेटासिंक करतं, म्हणजे हे डिस्कवर खरंच उतरलं असं मला सांगा, तोवर मी हलणार नाही. त्यासाठी कर्नल डिस्कला फ्लश कमांड पाठवतो. आता डिस्कच्या आत स्वतःची पण कॅश असते, तिच्यात टारचं जे काय साठलंय ते सगळं चकतीवर उतरल्याशिवाय फ्लश पूर्ण होत नाही. आणि साटा डिस्क एका वेळी ३२ कमांड आत घेऊन स्वतःच्या सोयीनं क्रम लावते, एकदा आत गेलेल्या कमांडवर कर्नलचा कसलाही ताबा नाही. म्हणून लगाम डिस्कच्या तोंडाशी नाही, त्याच्या बऱ्याच आधी घालावा लागतो. बिल हे तिथं थांबणारं आहे, गर्दी करणारं नाही, त्याला प्रायॉरिटी देत बसण्यापेक्षा गर्दी करणाऱ्याला आवरा. कुणी सांगितलं म्हणून पोस्टग्रेसवर कसलीही कॅप लावू नका.

जेन्स ॲक्सबो यांनी ४.१० मध्ये राइटबॅक थ्रॉटलिंग आणलं ते याच दुखण्यासाठी. फिरत्या डिस्कला वाचायला ७५ मिलिसेकंदापेक्षा जास्त लागायला लागलं की मागनं होणारं लिखाण ते आपोआप कमी करतं. पण टारचं वाचणं पण चालू आहे ना, त्याला ते हात लावत नाही. टिळकवाडी_कोडर, बीएफक्यू लावलं की हे राइटबॅक थ्रॉटलिंग बंद होतं, तेवढं लक्षात असू द्या.

तिसरं, सीग्रुप, म्हणजे प्रोसेसचा गट करून त्याला डिस्क-मेमरीची मर्यादा लावायची कर्नलची सोय. जुन्या व्हर्जन १ मध्ये बीकेआयओ थ्रॉटल २.६.३७ पासनं आहे, पण तिथं बफर करून लिहिलेल्याचा हिशेब मूळ प्रोसेसच्या नावावर पडत नव्हता, म्हणून नेटवरच्या जुन्या रेसिपी वाचून लोक म्हणतात वाचण्यावर लिमिट लागलं पण लिहिण्यावर लागलं नाही. व्हर्जन २ मध्ये मेमरी आणि आयओ हे दोन्ही कंट्रोलर मिळून डर्टी पान कुणाचं हे धरून ठेवतात. २२.०४ वर व्हर्जन २ च असतं. तर क्रॉन सोडा, बॅकअपची सिस्टमडी (उबुंटूत कामं सुरू-बंद करणारी व्यवस्था) सर्व्हिस करा, टायमरवर लावा, आणि तिच्यात आयओ-रीड-बँडविड्थ-मॅक्स आणि आयओ-राइट-बँडविड्थ-मॅक्स दोन्ही १५ एमबी द्या, शिवाय मेमरी-हाय ५१२ एमबी. शेवटचं विसरू नका, त्यामुळं डर्टीची रेषा त्या सर्व्हिसपुरती त्या ५१२ वरनं ठरते, बॅकअपला स्वतःचं लहान यार्ड मिळतं आणि बाकीचं यार्ड दुसऱ्यांना मोकळं राहतं.

४० जीबीची फाइल बनायला सेकंदाला १५ एमबीनं ४५ मिनिटं लागतील. साडेपाच ते सव्वासहा. तुमचा स्विच साडेसातला पडतो, तेव्हा बसतंय.

आणि लावायच्या आधी मोजा. कर्नलची माहिती दाखवणाऱ्या प्रॉकमधल्या प्रेशर फोल्डरात आयओ नावाची फाइल आहे, ४.२० पासनं. सम म्हणजे निदान एक तरी काम डिस्कसाठी अडलेलं होतं असा वेळाचा टक्का, फुल म्हणजे जेवढी कामं होती ती सगळीच अडलेली. आयओस्टॅटमध्ये राइट अवेट आणि फ्लश अवेट, म्हणजे लिहिण्याला आणि फ्लशला सरासरी किती थांबावं लागतंय ते, बघा. आधीचे आकडे लिहून ठेवा, नाहीतर उद्या बरं वाटतंय असं म्हणाल आणि ते ट्रक लवकर आल्यामुळं असेल.

उद्यमबाग_हिशेब · मंगळवार, रात्री ८:१५

अक्का, तात्या, दोघांना मनापासून धन्यवाद, मी आज दुपारी जेवायच्या सुट्टीत बसून केलं सगळं.

आधी न बदलता मोजलं, बॅकअप चालू असताना सम ९० च्या वर आणि फुल ७० च्या पुढं. मग हातानं सीग्रुपच्या आयओ डॉट मॅक्स फाइलमध्ये कॅप लिहायला गेलो तर नो सच डिव्हाइस म्हणतंय, अर्धा तास गेला त्यात. नंतर कळलं की मी पार्टिशनचा नंबर ८:२ देत होतो, अख्ख्या डिस्कचा ८:० द्यायचा. सिस्टमडीच्या सर्व्हिसमध्ये डिस्कचं नाव घातल्यावर निमूट लागलं.

संध्याकाळी बॅकअपची फाइल बनायला ४७ मिनिटं लागली. बिल सेव्ह व्हायला ४ ते ६ सेकंद. फुल २० च्या आत. ४२ वरनं ६ म्हणजे मला तर देव पावल्यासारखं झालं, पण काउंटरवरची मुलगी म्हणाली अजून अडकतंय, तिचंच खरं कारण दिवसभर तीच बिलं करते. कॅप ५ एमबीवर आणू का?

शहापूरची_अक्का · मंगळवार, रात्री ९:०२

नको, आणखी आवळू नका. एक तर वेळ तिप्पट होईल आणि स्विच पडेल. दुसरं म्हणजे फाइलसिस्टिमचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, सगळ्यांचं मिळून एकच असतं. ज्या प्रोसेसला तुम्ही फार आवळलंय ती जर जर्नलचं काम हातात धरूनच झोपली तर जर्नल कमिट तिच्यासाठी थांबतं आणि तिच्यामागं सगळे थांबतात, ज्यांच्यावर कसलीच कॅप नाही ते सुद्धा. यालाच प्रायॉरिटी इन्व्हर्शन म्हणतात. जोसेफ बासिक यांचं आयओ लेटन्सी ४.१९ मध्ये आलं आणि तेजुन हेओ यांचं आयओकॉस्ट ५.४ मध्ये, त्या दोन्हींत यासाठी वेगळी सोय आहे, जर्नलसारखं काम अडवत नाहीत, आधी जाऊ देतात आणि त्याची उधारी त्या ग्रुपवर लिहून नंतर वसूल करतात. साध्या आयओ मॅक्सवर मी तेवढा भरवसा ठेवत नाही, म्हणून तिथं फार छोटा आकडा टाळायचा.

कॅपपेक्षा एक मूळ गोष्ट बदला. टार आधी त्याच डिस्कवर का बनवता? तेच ४० जीबी तिथनंच वाचायचं, तिथंच लिहायचं, मग परत तिथनंच वाचून यूएसबीवर. हेड बिचारं सारखं इकडनं तिकडं पळतंय. थेट यूएसबीवर लिहा.

उद्यमबाग_हिशेब · मंगळवार, रात्री ९:२०

एकदा यूएसबीची वायर निघून अर्धी फाइल राहिली होती आणि आम्हाला आठवड्यानं कळलं, तेव्हापासनं आधी डिस्कवर बनवतो.

निपाणीचा_तात्या · मंगळवार, रात्री ९:४१

ती भीती खरी आहे पोरा, पण उपाय वेगळा. यूएसबीवर अर्धवट असं नाव देऊन लिही, टार बिनचूक संपली, शेवटी सिंक झालं, तरच नाव बदल, आणि कालची फाइल त्याच्यानंतरच काढ. नाव बदललेलं नसेल तर मोबाइलवर मेसेज येऊ दे. अर्धी फाइल पुरी म्हणून खपायला नको, एवढंच पाहिजे ना.

शहापूरची_अक्का · मंगळवार, रात्री १०:१०

तात्यांचं अगदी बरोबर. त्यात दोन गोष्टी बघा. यूएसबी डिस्क एक्सफॅट फॉरमॅटची असेल तर तिच्यावर लिहिलेल्याचा हिशेब तुमच्या सर्व्हिसच्या नावावर पडणार नाही, प्रत्येक फाइलसिस्टिमला तो आधार नाही, ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएसला आहे. शक्य असेल तर ईएक्सटी४ करा, नसेल तर तात्यांचे डर्टी बाइट्सचे आकडे तसेच राहू द्या, यार्ड लहान राहील.

दुसरं, डेटाबेसचा डंप. डंपची कमांड तुमच्या सर्व्हिसमध्ये असली तरी टेबल डिस्कवरनं वाचतंय पोस्टग्रेसचा सर्व्हर, आणि तो स्वतःच्या सीग्रुपमध्ये आहे, म्हणजे त्या वाचण्यावर तुमची कॅप लागतच नाही. सांबाचं पण तसंच, कोण शेअरमधनं मोठी कॉपी करतंय ते सांबाच्या नावावर जातं. कॅप लावताना डिस्कला खरंच हात कोण लावतंय हे आधी बघायचं. डेटाबेस केवढा आहे?

उद्यमबाग_हिशेब · मंगळवार, रात्री १०:१८

दीड जीबी.

शहापूरची_अक्का · मंगळवार, रात्री १०:२०

मग सोडा. तो डंप पाचला घ्या, बरेचदा सगळं रॅममध्येच असेल.

टिळकवाडी_कोडर · बुधवार, सकाळी १०:३५

वेटबद्दल मी सोमवारी म्हटलं त्यावर अक्कांचं मत काय? डिस्क मोकळी असताना १५ एमबीवर बांधून ठेवणं मला अजून खटकतंय.

शहापूरची_अक्का · बुधवार, दुपारी १:४५

तुमचा मुद्दा तत्त्व म्हणून मला मान्य आहे, आणि मोठ्या सर्व्हरवर मी वेटच लावते. आयओ-वेट १ ते १०००० पर्यंत, न सांगता १००. पण एमक्यू-डेडलाइनवर नुसता वेट लिहिला तर तो लागतच नाही, एकतर बीएफक्यू पाहिजे नाहीतर आयओकॉस्ट चालू करून डिस्कचं मॉडेल मोजून द्यायला पाहिजे. लिहिलेलं फाइलमध्ये दिसतं, एरर येत नाही, आणि लोक समजतात लागलं. मला हे फार धोक्याचं वाटतं.

आणि इथं वेटनं अडचण सुटेलच असं नाही. बिल दोन सेकंदाला एकदा चिमूटभर लिहितंय, ते आलं नाही त्या वेळात डिस्क मोकळी आहे असं समजून बॅकअप पूर्ण ताकदीनं घुसणार, डिस्कच्या पोटात ३२ कमांड आणि कॅश भरून ठेवणार, आणि मग बिल आलं की फ्लशला तेच सगळं उतरायची वाट. बॅकअपला लवकर संपवायची घाई नसेल, दोन तास हातात असतील, तर पक्की कॅप साधी आणि भरवशाची. यांच्याकडं बघायला दुसरा माणूस नाही, उद्या कर्नल अपडेट झालं तरी जे समजेल तेच लावलेलं बरं.

टिळकवाडी_कोडर · बुधवार, दुपारी २:१०

पटलं. फ्लशचं मी धरलं नव्हतं.

उद्यमबाग_हिशेब · गुरुवार, रात्री ८:०५

काल यूएसबी डिस्क ईएक्सटी४ करून घेतली, टार थेट तिच्यावर, अर्धवट नावानं. मूळ डिस्कवर वाचायची कॅप २५ एमबी, मेमरी-हाय ५१२, डर्टी बाइट्स तात्यांनी सांगितले तेच. डंप पाचला.

आज बॅकअपला २८ मिनिटं लागली, म्हणजे कॅप नसताना लागायची त्याच्यापेक्षा पण थोडी कमीच, कारण वाचणं, लिहिणं, परत वाचणं याच्या जागी एकदाच वाचणं राहिलं. आयओ प्रेशरचा फुल ६ च्या वर गेला नाही. सहा वाजता दोन ट्रक होते, एक हुबळीचा आणि एक कोल्हापूरचा, बिल सेव्ह व्हायला एक सेकंद, एकदा दोन. काउंटरवरच्या मुलीला मी काय सांगितलं नव्हतं, तिनंच साडेसहाला विचारलं की आज बॅकअप लावला नाहीस का.

एकच राहिलं. ड्रॉइंग सेक्शनवाले कधीकधी शेअरमधनं १०-१५ जीबीचा फोल्डर दुपारी कॉपी करतात तेव्हा परत २-३ सेकंद अडकतं. सांबाच्या सर्व्हिसला पण अशीच कॅप लावू का?

शहापूरची_अक्का · गुरुवार, रात्री ९:२६

लावू नका, तिथं माणसं वाट बघत बसलेली असतात, सगळ्यांचीच फाइल उघडणं हळू होईल. पुढच्या महिन्यात एसएसडी आली की पोस्टग्रेस तिच्यावर न्या, खानापूर_नाका यांनी पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं ते या दुखण्यावर खरंच लागू आहे. तोवर मोठी कॉपी जेवायच्या सुट्टीत करा म्हणून त्यांना सांगून बघा.